फुगेवाल्या सरांचा तास

फुगेवाले सर हे नाव मुलांनी पाडलेलं. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवताना ते पिशवीतून फुगे आणायचे. अणूतला इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची शक्यता जास्त, त्या जागेला कक्षक म्हणतात. तो डोळ्यांना दिसावा म्हणून ही खटपट. "दोन कक्षक मिसळले की रेणूचे दोनच नवे कक्षक होतात. एक खालच्या ऊर्जेचा, एक वरच्या," हे ते इतक्या चवीने सांगायचे की मागच्या बाकावरचेही जागे व्हायचे.

मग पक्षाघात झाला. पाय सावरले, उजवा हात वाचला, पण शब्द गेले. डोक्यात सगळं शाबूत होतं, तोंडाला भलतंच यायचं. पाणी हवं असलं की म्हणायचे, "खिडकी."

बायको घरीच शिवणकाम करायची. डॉक्टर म्हणाले, त्यांना जे येतं त्यावरच बोलतं करा. तेव्हापासून दुपारी मशीन बंद करून ती पाटी घेऊन बसे. सर एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढत आणि मधला भाग खडूने भरत.

"मधे काय आहे, अहो?"

"इ... इस्त्री."

"इलेक्ट्रॉन म्हणा. इस्त्री माझी."

दोघं हसायची. हळूहळू आठ-दहा शब्द परत आले, आणि सरांनी हट्टच धरला, तास घ्यायचा. प्राचार्यबाईंनी नाइलाजाने एक तास दिला.

फळ्यावर आकृत्या चोख उतरल्या. इलेक्ट्रॉन लहरीसारखा वागतो. दोन्ही अणूंच्या लहरींची चिन्हं सारखी: मधे दाट ढग, दोन्ही केंद्रकं त्याकडे ओढली जातात, बंध होतो. चिन्हं उलट: मधे शून्य, बंध तुटू पाहतो. मुलं वहीत उतरवत होती. पुढे हेलियम. दोन अणूंचे मिळून चार इलेक्ट्रॉन. दोन खाली, दोन वर, मिळवलेलं सगळं पाण्यात, म्हणून बंध नाही. एवढंच सांगायचं होतं. सर वळले.

"सासूला..." ते थांबले. पुन्हा जोर लावला. "सासूला चार..."

वर्ग खो खो हसला. पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "हेलियम ना, सर?" सरांनी मान हलवली, पण खडू ठेवून दिला होता.

बायको बाहेर व्हरांड्यात होती. तिने हसणं ऐकलं. प्राचार्यबाई तिलाच म्हणाल्या, "आता त्यांना घरीच राहू द्या." सर शेजारीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटी हाताने बाजूला सारली. तिने विनवलं, रागावली, एकदा रडलीसुद्धा. परत आलेले शब्दही एकेक करून गेले. काही महिन्यांनी दुसरा झटका आला, त्यात उजवा हातही गेला.

ती आता त्यांना घास भरवते आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत राहते. ते भिंतीकडे बघत चावतात. तिने काही विचारणं सोडून दिलं आहे.