घरचे तीळ

आपटा गावात पाताळगंगेच्या काठी आमचा एक तुकडा आहे. जमीन म्हणायची तर निम्मी वाळूच, पाणी ठरतच नाही. आई तिथे नाचणी लावायची आणि नाचणीच्या दर तीन ओळींनंतर एक ओळ काळ्या तिळाची. पावसाने ओढ दिली तर नाचणी मान टाकते, तीळ तग धरतो. पाऊस फार झाला तर तीळ सडतो, नाचणी उभी राहते. "दोगांतला एक तरी घरान येतंच," ती म्हणायची. मी नवीन पनवेलला राहते, ऑफिसात बसून लोकांचे अर्ज तपासते. तरी शेतीतलं आपल्याला सगळं कळतं, असं मला वाटायचं. ही माझी जुनी खोड.

तिळाची चटणी व्हायची, संक्रांतीचे लाडूही व्हायचे. पण आईचा जीव तिळात अडकला होता तो वेगळ्याच कारणाने. बाबा गेले तेव्हा त्यांच्या क्रियेला तिने पिकवलेले तीळ होते. तेव्हापासून तिने बजावून ठेवलं होतं, "माजे टायमाला पन घरचंच तील घाला. इकतचं नको." मी चिडायचे, असलं अभद्र बोलू नकोस म्हणायचे. ती हसायची आणि बियाण्याची बरणी पुसून परत फळीवर ठेवायची.

तीळ बारीक. नुसता पेरला तर मुठीतून भसकन पडतो आणि रोपं दाटीने उगवतात. म्हणून त्यात कोरडी वाळू मिसळायची. आई उन्हाळ्यातच ती नदीतून आणून, चाळून डब्यात भरून ठेवायची. आणि तीळ मिसळण्याआधी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून थुंकायची. का, ते मी कधी विचारलं नाही. मला किळस यायची, एवढंच.

त्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिचा सगळा उन्हाळा माझ्या फ्लॅटवर गेला. डबा रिकामा राहिला. आदल्या साली तिला फार राबताही आलं नव्हतं, त्यामुळे बरणीत वाटीभरच तीळ होते. पावसाळ्यात नदी भरलेली, वाळू आणायची कुठून? आमच्या बिल्डिंगच्या मागे कुणीतरी भरावासाठी वाळू टाकली होती. मी पिशवीभर उचलली. सकाळी घाई नको म्हणून आदल्या संध्याकाळीच सगळे तीळ तिच्यात कालवून ठेवले. वाळू जरा ओलसर लागली. म्हटलं, या दिवसांत कोरडं काय असतं?

सकाळी आई काठी टेकत बांधावर आली. वाडीवरच्या बायकांनी नाचणीची लावणी करून दिली होती, तिळाच्या ओळी तेवढ्या मोकळ्या होत्या.

"जिभंला लावलीस का गो?"

"अगं, वाळू ती वाळू."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," म्हणाली आणि हसली. तिला वाकता येत नव्हतं. मी पेरत गेले, ती मागून ओळ सरळ आहे का ते पाहत राहिली.

दहा दिवसांत नाचणीने जीव धरला. मधल्या ओळी कोऱ्याच. मी पावसाला दोष देत होते. आईने पडवीतली पिशवी ओढली, उरलेली वाळू चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"खाडीची हाय."

खारट ओलीत बी रातोरात मेलं होतं. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. तिने पिशवीचं तोंड बांधून ती बाजूला सारली. शेजारीण चौकशीला आली तेव्हा आईच चटकन म्हणाली, "पानी जास्ती झाला, कुजला सगला." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या कुणाकडून बी आणू, पुढच्या साली पेरू, असं मी तिला दहादा सांगितलं. ती होळीच्या आधीच गेली.

दहाव्याला नदीवर भटजींनी तीळ मागितले. घरात नाचणीचं पोतं भरलेलं होतं. तिळाची पुडी मात्र मी पनवेलच्या बाजारातून आणली होती. मामांनी ती बघितली आणि भटजींना म्हणाले, "बायचे घरचंच तील व्हते, पन अवंदा पावसानं नेले."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं, "पाऊसच फार झाला." आणि पुडी फोडली.