तुडीलच्या भाताची दुरुस्ती
माझ्या नावावर बरेच शोधनिबंध आहेत, पण लोक दाखला देतात तो एकाचाच. तो तुडीलच्या भातावरचा.

तुडीलला माझी थोरली काकी राहते. तिचं शेत सावित्री नदीच्या काठाला. पुराचं पाणी चार-चार दिवस शेतात उभं राहायचं. आजूबाजूचं भात कुजून जायचं, काकीचं लाल भात मात्र पाणी ओसरलं की पुन्हा उभं राहायचं. पुण्याला प्रयोगशाळेत नोकरी लागल्यावर मी तिच्याकडून त्याचं बी नेलं. रोपं पाण्यात बुडवून ठेवली, जगली त्यांचा डीएनए तपासला आणि एका जनुकात बदल सापडला. पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी पेरल्यामुळे तो या वाणात टिकला असावा, असं आम्ही निबंधात लिहिलं. लोकांनी नेमकं तेच वाक्य उचललं. दाखले वाढत गेले तशी मला व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली. ते मला आवडत होतं.

काही वर्षांनी बढतीचा अर्ज भरला. मुलाखतीत दाखवायला शेताचे फोटो हवेत म्हणून तुडीलला गेले. काकी पडवीत कुळीथ पाखडत बसली होती. मी सहज म्हटलं, तुझं भात आता जगभर माहीत झालंय. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "तू नेलंस ते आमचं नव्हतंच गो. त्याच्या आदल्या साली पाणी घरात शिरलं. कणगीतल्या बियाला मोड आले, सगळं टाकलं. मग म्हायेरनं बी आणलं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कुठं? बी पायजे म्हणालीस, दिलं."

काकीचं माहेर पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत. तिथे पाणी घटकाभरही उभं राहत नाही. दुसऱ्या दिवशी काकीला गाडीत घालून मी वर गेले. तिच्या भावाने गोठ्याच्या माळ्यावरून तेच लाल भात काढून दिलं. पुण्याला येऊन तपासलं, तर जनुकातला बदल अगदी तोच. म्हणजे बदल खरा होता, नदीकाठाची गोष्ट मात्र आम्ही रचलेली होती. तुडीलचं मूळ वाण आम्ही कधी तपासलंच नव्हतं, आणि आता ते कुठे उरलंही नव्हतं.

निबंधाचे ज्येष्ठ सहलेखक माझे गुरू. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "डीएनए बरोबर आहे ना? मुलाखत होऊन जाऊ दे. मग बघू."

मी आठवडाभर थांबले. त्या आठवड्यात मुलाखतीची तयारी करायला बसले की नदीकाठाच्या त्या वाक्याशी येऊन अडायचे. ते वाक्य मीच लिहिलं होतं. शेवटी निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं आणि सरांना तसं कळवलं. ते रागावले नाहीत. दुरुस्तीच्या मसुद्यातले दोन शब्द बदलून त्यांनी सही केली.

मुलाखतीत मी स्वतःहून सगळं सांगितलं. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, की बी कुठून आलं याची नोंद का ठेवली नाही? माझ्या घरचंच बी म्हणून मला विचारावंसं वाटलं नाही, असं मी म्हणाले. त्या वर्षी बढती मिळाली नाही, पुढच्या खेपेला मिळाली. वाडीच्या भातावर आम्ही वेगळा निबंध लिहिला. त्याचा दाखला फारसं कुणी देत नाही.

जुना निबंध अजून चालतो. दुरुस्ती वाचणारे थोडे. गेल्या महिन्यात एका नव्या लेखात नदीकाठाचं ते वाक्य परत दिसलं, तेव्हा मी लेखकांना दुरुस्ती पाठवली. त्यांनी आभार मानले आणि पुढच्या लेखात काळजी घेऊ, असं कळवलं.