टेलरकाकूंचं इंजिन

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की गल्लीतला दिवा नुसता पिवळा डाग वाटत होता. टेलरकाकूंना धुकं अजिबात खपत नाही. कापड ओलसर होतं, खडू नीट उठत नाही, आणि इस्त्रीने बसवलेली दुमड टेबलावरून उतरेपर्यंत पुन्हा तोंड उघडते. पण आज त्यांनी शिलाईच्या खोलीची खिडकी उघडलीच नाही. डोक्याला रुमाल बांधला, नवऱ्याचा जुना निळा डगला अंगात चढवला आणि मागच्या वर्कशॉपच्या दाराला खांद्याने धक्का दिला. ते दार खालून घासतं. त्याला ढकलून भागत नाही, धक्काच लागतो.

आत मोटरसायकल उभी होती. काकूंच्या लग्नाहून जुनी. लग्नानंतर काकूंचं शिलाईमशीन या घरात आलं ते हिच्यावरूनच. पुढे नवरा, मागे नवी नवरी, आणि नवरीच्या मांडीवर ते लोखंडी धूड. प्रत्येक खड्ड्याला ते गुडघ्यावर आपटायचं आणि नवरा पुढून विचारायचा, "मशीनला काही लागलं नाही ना?" तो राग काकूंनी अजून सांभाळून ठेवलाय. वेळप्रसंगी काढून वापरतात.

नवऱ्याला सगळे फिटरकाका म्हणतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काकांनी या गाडीचं इंजिन हौसेने उघडलं. पार शेवटच्या नटापर्यंत सुटं केलं, आणि मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चमचा वाजायला लागला, मग सहीची ओळ खालीवर जायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. बारीक स्क्रू हातातून निसटून कुठे तरी कपाटाखाली गेला, त्या दिवशी काकांनी इंजिनावर जुनी चादर टाकली आणि दार ओढून घेतलं. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसायला लागले. हात मांड्यांखाली दाबून.

काकूंना ती चादर बघवेना. प्रेताला घालतात तशी घातली होती.

"अहो," एके दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी करते."

"तू?"

"का? सुईपेक्षा पाना मोठाच असतो की. दिसतो तरी."

काका खुर्ची उचलून मागे घेऊन आले. मग सगळी थंडी तिथेच गेली. काकूंनी सुट्या भागांसाठी जाड कापडाच्या पिशव्या शिवल्या आणि प्रत्येक पिशवीच्या तोंडाशी वेगळ्या रंगाचा दोरा ओवला. व्हॉल्व्ह घासताना काका म्हणायचे, "सगळीकडे सारखी राखाडी रेघ आली पाहिजे," आणि काकू म्हणायच्या, "म्हणजे गळपट्टीसारखं, कुठे चुणी नको." इंजिनाच्या माथ्यावरच्या हेडचे बोल्ट ओळीने आवळायचे नसतात, आमनेसामनेचे थोडे थोडे आवळत न्यायचे असतात, हे काकांना सांगावंच लागलं नाही. कॉलरला टाचण्याही काकू तशाच लावतात.

मध्ये एकदा धाकटे दीर डोकावून गेले. चौकात त्यांचं गॅरेज आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि तोंड तर जन्मापासून चालू आहे. वहिनींच्या हातात पिस्टन बघून ते दारातच थबकले.

"वहिनी, हे काही पडद्याची झालर नाही!"

"माहीत आहे, भाऊजी. झालर बिघडली तर गिऱ्हाईक ओरडतं. हे बिचारं गप्प असतं."

दिरांनी मग भावाकडे मोर्चा वळवला. "दादा, वहिनींची हौस झाली. रविवारी टेम्पो घेऊन येतो. तोवर सुरू झाली तर माझं काही म्हणणं नाही. नाही झाली तर गाडी माझ्याकडे. सुरू करून आणून देतो, मग तर झालं?"

काका "बरं" म्हणाले. पडल्या आवाजात म्हणाले, तेच काकूंना लागलं. गाडी गॅरेजात गेली असती तर परत आलीच असती, चांगली धडधडीत होऊन. त्यांच्या दिरांना काम येतं, यात वादच नव्हता. पण काका या खोलीत परत आले नसते. खुर्ची पुन्हा पुढच्या खोलीत गेली असती, आणि हात पुन्हा मांड्यांखाली.

आणि आज रविवार होता.

काका स्वेटर घालून आले, खुर्चीवर बसले. "पेट्रोल उघडलंस?"

"उघडलं."

"मग मार किक. पण पूर्ण पायाने. अर्धवट मारलीस तर उलटी फेकते."

"सगळा जन्म पायमशीन हाणलंय मी. मला पाय शिकवू नका."

काकूंनी किक मारली. फुस्स. पुन्हा मारली. इंजिन खोल कुठे तरी खाकरलं आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोलचा फवारा उडवत शिंकलं. काकूंच्या डगल्यावर ओले ठिपके उठले. पुन्हा किक, पुन्हा शिंक. काकूंना धाप लागली. धुक्यातसुद्धा कपाळावर घाम आला.

"थांब," काका म्हणाले. "प्लग काढून बघ."

प्लग काढला, ठिणगी बघितली. निळी, टणटणीत.

"ठिणगी आहे, पेट्रोल आहे. म्हणजे श्वास चुकतोय. व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नाहीयेत." काकांनी मान वर केली. "काल गिअर खुणेवरच बसवलास ना?"

काकूंना कळलं. काकांच्या आधी कळलं.

इंजिनाच्या उजव्या बाजूला, झाकणाखाली, दोन गिअर एकमेकांत दात अडकवून फिरतात. वरच्या गिअरच्या जोरावर व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. एक दात इकडचा तिकडे झाला की सगळा खेळ बिघडतो. म्हणून उघडतानाच काकांनी काकूंच्या खडूने दोन्ही गिअरच्या दातांवर रेघ मारून ठेवली होती आणि काल संध्याकाळी काकूंनी रेघेला रेघ लावून ते बसवले होते.

"बसवला खुणेवरच," काकू म्हणाल्या. "मग खडू पुसून टाकला."

"पुसला? कशाला?"

"काम झालं होतं ना. खडू तसाच ठेवून मी आजवर कुणाला कपडा दिलेला नाही. हात आपोआपच फिरला."

"बरं, पुसलास तर पुसलास. बसलेला गिअर काही हलत नाही."

"हलवला मी. तुम्ही आत गेल्यावर ताटलीत एक पातळ वायसर राहिलेला दिसला. गिअरमागचा. म्हणून गिअर काढला, वायसर घातला, आणि..." काकूंनी पान्यावरचं तेल उगाचच पुसलं. "आणि नजरेने परत बसवला. चौकडीचा शर्ट शिवताना शिवणीवर चौकडीला चौकडी मी नजरेनेच लावते. सूतभर चुकत नाही कधी."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. काकूंना वाटलं थरथर वाढली. पण काका हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"नजरेने! अगं, दाते आहेत ते. सगळे एका आईची लेकरं असल्यासारखे दिसतात."

"हसा. मेलं माझं सगळ्या थंडीचं काम वाया गेलं, आणि तुम्ही हसा."

"वाया कसलं जातंय? एका दाताचं दुखणं आहे. झाकण उघड."

तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. दीर खांद्यावर दोरखंड टाकून आत आले. "काय दादा, हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येतंय. सुरू झाली की गेली?"

"गेली नाही, रुसलीय," काकू म्हणाल्या. "भाऊजी, शेगडीवर चहा आहे. मोठा कप घ्या."

"केवढा मोठा?"

"असेल नसेल तेवढा मोठा. आणि फुंकून फुंकून प्या."

दीर कप घेऊन परत आले तोवर झाकण निघालं होतं. त्यांनी वाकून बघितलं. "दादा, या गिअरवर कंपनीचा ठिपका असतो की."

"याच्यावर नाही. हा दुसऱ्या इंजिनातला. मीच घातला होता तरुणपणी. तेव्हा खुणेची गरजच नव्हती, माझं बोट सांगायचं." काकांनी आपल्या बोटांकडे बघितलं. ती कापत होती.

"काय सांगायचं बोट?" काकूंनी विचारलं. आवाज एकदम कामाचा. गिऱ्हाइकाचं माप घेताना असतो तसा.

"पिस्टन माथ्यावर आला की एका क्षणी दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच उघडे असतात, जरा जरासे. जुना धूर निघालेला, नवी हवा येऊ घातलेली. मी दोघांच्या टोप्यांवर एकेक बोट ठेवायचो. सारखी खाली दबलेली लागली की झालं."

काकू उठल्या, शिलाईच्या खोलीत गेल्या आणि दोन वस्तू घेऊन आल्या. विणकामाची लांब सुई आणि कपड्यावर रेघा मारायची छोटी लोखंडी पट्टी.

"स्वेटर विणताय का, वहिनी?"

"तुमच्या तोंडाला टोपी विणते, भाऊजी."

सुई त्यांनी प्लगच्या भोकातून अलगद आत सोडली आणि किकचा दांडा हाताने हळूहळू फिरवला. पिस्टन वर येईल तशी सुई वर आली, एका जागी थबकली, उतरायला लागली. काकूंनी ती थबकायची जागा पुन्हा गाठली. मग वरची झाकणं काढून दोन्ही व्हॉल्व्हांच्या टोप्यांवर पट्टी आडवी ठेवली आणि उकिडव्या बसल्या, डोळा पट्टीच्या रेषेत आणून. गाऊनचा घेर जमिनीपासून सगळीकडे सारखा आहे का हे बघायला त्या अशाच बसतात.

"डावीकडे झुकलीय."

"एक दात पुढे घे."

गिअर निघाला, फिरला, पुन्हा बसला. काकूंनी श्वास धरून पट्टी ठेवली. यावेळी नजरेवर सोडलं नाही. पट्टी उलटी करून बघितली, दुसऱ्या बाजूने बघितली. दिरांनी कप खाली ठेवला, एक डोळा मिटला आणि तेही वाकले.

"सरळ आहे," ते नाइलाजाने म्हणाले.

"आता खूण करू," काका म्हणाले. "आणि खडू नको, बाई. कपाटात टोकदार पंच आहे बघ."

काकूंनी पंच आणला, दोन गिअर जिथे भेटत होते तिथे एका दातावर त्याचं टोक टेकवून घट्ट धरला. मग छोटी हातोडी काकांपुढे केली.

"मी? अगं, बोट ठेचेल तुझं."

"मारा हो. सुईने आजवर किती टोचलंय, त्यात एक ठोका."

दीर काही तरी बोलणार होते, पण गप्प राहिले. ते गप्प राहिल्याचं काकूंनी मागाहून कितीतरी जणींना सांगितलं. काकांनी हातोडी दोन्ही हातांनी धरली. ती हवेत इकडेतिकडे झुलली, थांबली, आणि पडली. ठक. पंचाच्या बरोबर डोक्यावर. काकूंनी पंच दुसऱ्या गिअरवर सरकवला. ठक. दोन इवलेसे ठिपके, समोरासमोर.

ठिणगीची वेळ तपासली, प्लग बसवला, झाकणं लावली. ताटलीत काही उरलं नाही ना, हे काकूंनी ताटली उपडी करून बघितलं. मग त्यांनी हँडल धरलं, पाय उचलला आणि मशीनवर बसल्यावर पहिली टीप घालताना देतात तसा सगळा जोर टाचेत आणला.

इंजिन पेटलं. शिंक नाही, खाकरणं नाही. धड, धड, धड, सावकाश, भरल्या पोटाच्या माणसासारखं. फळीवरचे डबे वाजायला लागले, वाटीतली बटणं नाचायला लागली, निळा धूर दारातून निघून धुक्यात मिसळला. काका उठले आणि त्यांनी दोन्ही तळवे टाकीवर ठेवले. सगळी गाडी थरथरत होती. आता त्यांच्या हातांची थरथर कोणती आणि इंजिनाची कोणती, हे कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

काकू रडतात कसल्या! कमरेवर हात ठेवून त्या दिरांकडे वळल्या.

दिरांनी कान लावला. "टॅपेट जरा टकटक बोलतायत."

"गार आहे अजून. गरम झाल्यावर बोला, भाऊजी."

काका खो खो हसले. दिरांनी हेडच्या बोल्टांवरून बोट फिरवलं. "हे कुणी आवळले?"

"मी."

"सारखे आवळलेत." एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे शाल आणि नारळच. मग दोरखंडाची गुंडाळी करत पुटपुटले, "टेम्पो काय आता रिकामा नेऊ?"

"रिकामा कशाला? शाळेच्या सभागृहाचे पडदे तयार आहेत. तेवढे पोचवा. आणि मळक्या हातांनी उचलू नका."

पडदे गेले. काका वर्कशॉपमध्येच राहिले. एकेक पाना पुसून फळीवर ठेवत होते. मध्ये एखादा खाली पडला की त्याला शिवी देत होते आणि पुन्हा उचलत होते. ती शिवी ऐकून काकूंना बरं वाटलं.

त्यांनी डगला खुंटीला अडकवला, लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन नखांपर्यंत हात घासले, वास घेतला, पुन्हा घासले. शेजारच्या नर्सचा पांढराशुभ्र कोट कालपासून अडकून पडला होता. आता शिलाईच्या खोलीची खिडकी त्यांनी उघडली. धुकं विरलं होतं, कापड कोरडं लागत होतं. खाली वाकून त्यांनी बॉबिन बसवली, दोरा ओवला, आणि कोटाची बाही सुईखाली सरकवली.

मागून आवाज आला, "अगं, बारीक पाना कुठे ठेवलास?"

"हिरव्या दोऱ्याच्या पिशवीत," काकूंनी मान न उचलता सांगितलं आणि पाय मशीनवर टाकला.