घोडा खाली उतरवताना

आमच्या क्लबात मॅचच्या दिवशी नेमबाज रेषेवर येतो, पिस्तूल भरतो, आणि बझर वाजायच्या आधी एक काम उरतं. मी ज्या गटात खेळतो, तिथे भरलेलं पिस्तूल घोडा खाली करूनच कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवावं लागतं. घोडा म्हणजे मागचा हॅमर. मॅगझिन घालून स्लाइड ओढली की तो ताणून उभा राहतो आणि आत जिवंत गोळी असते. खाली आणायचा तर चाप दाबावाच लागतो, पण गोळी उडता कामा नये. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे ठेवायची. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने घोडा घट्ट धरायचा, उजव्या बोटाने चाप हलकेच दाबायचा. घोडा सुटल्याचं जाणवलं की चापावरचं बोट लगेच काढून घ्यायचं आणि घोडा हळूहळू पूर्ण खाली न्यायचा. त्या वेळी मागे कुणी बोलत नाही.

हे मी शिकलो ते घरातून बाहेर पडायचं म्हणून.

आम्ही वॉलॉंगॉंगला राहतो. मी पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये मेंटेनन्सला आहे, बायको सिडनीतल्या एका कंपनीचं काम घरून करते. आमची मुलगी नवव्या महिन्यात पोटातच गेली. त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. वाईट वाटत होतं असंही नाही. शिफ्टला जायचो, घरी यायचो, पानात असेल ते जेवायचो. दूध संपलंय, कचऱ्याचा बिन बाहेर ठेव, एवढंच आमचं बोलणं. इथल्या मराठी मंडळींत दर वीकेंडला कुणाच्या ना कुणाच्या मुलाचा वाढदिवस असतो. लोक आधी बोलवत राहिले, मग अवघडून बोलवेनासे झाले. पाळण्याऐवजी घेतलेल्या कॉटचे सुटे भाग गराजमध्ये भिंतीला टेकवून ठेवले होते. मी रोज त्यांच्या शेजारी गाडी लावायचो.

एका रविवारी बायको म्हणाली, "तू जरा कुठेतरी जात जा ना."

"कुठे जाऊ?"

"कुठेही जा. तू घरात असलास की मला नुसतं बसतासुद्धा येत नाही."

प्लांटवरचा एक फिटर पिस्तूल क्लबात जायचा. त्याने चल म्हटलं, मी गेलो. त्याने बुडबुडे सोडायच्या क्लासला नेलं असतं तरी गेलो असतो.

तिथे शिकवायला सत्तरीच्या एक बाई होत्या, निवृत्त शाळामास्तरीण. पहिले काही रविवार त्यांनी नियम शिकवले आणि नकली गोळ्या भरून हात बसवून घेतला. मग घोडा उतरवायला शिकवलं. स्वतः करून दाखवलं आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं. मला पहिल्याच फटक्यात जमलं. परत कर म्हणाल्या, परत जमलं. त्यांनी पिस्तूल काढून घेतलं.

"तुझा हात जरासुद्धा थरथरत नाही," त्या म्हणाल्या.

"थँक यू."

"मी कौतुक करत नाहीये. पहिल्यांदा हे करताना सगळे घाबरतात. घाबरायलाच हवं. घरी सगळं ठीक आहे ना?"

"वी लॉस्ट अवर बेबी," मी म्हणालो.

मराठीत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या आईलाही मेव्हण्यानेच फोन करून कळवलं होतं. इंग्रजीत सोपं गेलं, ट्रेनमध्ये छत्री हरवली म्हणावं तसं.

बाईंनी पिस्तूल पेटीत ठेवलं. मग सरळच विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?"

"नाही." खरंच वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

"डॉक्टरांशी बोललास?"

"नाही."

"मग आधी बोल. तोवर तुला पिस्तुलाला हात लावू देणार नाही. पण येणं बंद करू नकोस. टार्गेटच्या भोकांवर कागद चिकटवायला आम्हाला माणसं लागतातच."

मला रागही आला नाही. डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पाठवलं त्या काउन्सेलरकडे गेलो, आणि सगळा हिवाळा रविवारी सकाळी टार्गेटना कागद चिकटवले, जमिनीवरची पितळी टरफलं वेचली. बाई मला अधूनमधून बघून जायच्या. हिवाळा सरताना त्यांनी पुन्हा नकली गोळ्या हातात दिल्या.

त्याच सुमारास एकदा बायको म्हणाली, "मी येते आज." का, ते मी विचारलं नाही. ती मागच्या बाकावर कानाला आवाज अडवणारे मफ लावून जॅकेटच्या खिशात हात घालून बसली. मॅच संपल्यावर बाईंनी तिला विचारलं, "करून बघणार?" ती नाही म्हणेल असं मला वाटलं, पण ती उठली.

पिस्तूल बाईंनी तपासलं, रिकामं असल्याचं मला दाखवलं, नकली गोळी भरली. "तू सांग तिला, तुमच्या भाषेत," मला म्हणाल्या आणि आमच्याजवळच उभ्या राहिल्या.

मी तिच्या बाजूला उभा राहिलो आणि तिचा अंगठा घोड्यावर नीट बसवला. किती दिवसांनी तिच्या हाताला हात लावला होता कोण जाणे. तिचा हात गार होता.

"आता चाप दाब. हळू."

तिने दाबला आणि घोडा अंगठ्याखालून निसटला. खट्. ती दचकली.

"खरी गोळी असती तर उडाली असती ना?"

"हो. पण बांधात गेली असती. म्हणून तर नळी तिकडे ठेवायची."

"परत सांग."

परत सांगितलं. पुन्हा निसटला. मग जमला. जमल्यावरही ती करत राहिली, बाई म्हणेस्तोवर की आता गेट बंद करायचंय.

घरी येताना माउंट औस्लीचा उतार लागला तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "तिच्या अंगठ्याची नखं वाढली होती. तू बघितलीस?"

मी त्या वेळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये नर्सशी बोलत होतो.

"नाही."

"बोटाच्या पुढे आली होती. कापायला झाली होती."

मी गाडी डावीकडे घेतली, मागच्या गाड्या पुढे जाऊ दिल्या. मला रडू आलं नाही, तिलाही नाही. समुद्र दिसायला लागला, पोर्टवरची धुराडी दिसायला लागली.

ती नंतर क्लबला आली नाही. ते आपल्याला आवडलं नाही, असं तिने सरळ सांगितलं. मी लायसन्सचे सोपस्कार पूर्ण करून पुढच्या उन्हाळ्यात मॅचला उतरलो, आणि बहुतेक वेळा खालच्या नंबरातच असतो. रविवारी घरात बसणं पूर्वीसारखं अवघड राहिलं नाही. बरं चाललंय असं मात्र म्हणवत नाही.

ती क्लबला आली होती त्या दिवशी घरी आल्यावर तिने पुण्याला आईला फोन लावला आणि बेडरूमचं दार लोटून घेतलं. बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी कुकर लावला. शिट्ट्या झाल्या, वाफ गेली, तरी फोन चालूच होता. मी वरणाला फोडणी दिली, दोन ताटं घेतली आणि ती बाहेर येईपर्यंत थांबलो.