हेडबाईंनी बंद केलेली सूचना

ऑफिसात त्यांना सगळे तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘हेडबाई’. हे पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकोणीस वर्षं त्या त्याच दोन खोल्यांच्या ऑफिसात, खिडकीशेजारच्या त्याच टेबलाशी बसत होत्या. एकूण माणसं सात. काम एकच: रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. लॅबने रिपोर्ट तयार केला की पेशंटच्या फोनवर एक दुवा जाई आणि त्यावर बोट टेकवलं की घरबसल्या रिपोर्ट दिसे. अशा चौदा लॅब त्यांच्याकडे होत्या.

दुसऱ्याचं काम तपासण्यात हेडबाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. ऑफिसचा एक नियम त्यांनीच घालून दिला होता. कोणीही, अगदी मालकांनीही, कोडमध्ये एक ओळ बदलली तरी दुसऱ्या माणसाने ती वाचून मान्य केल्याशिवाय ती पुढे जायची नाही. सगळ्यांत जास्त बोलणी खाई तो त्यांच्या समोरच्या टेबलावरचा चाळिशीचा गृहस्थ. तो भराभर काम करी आणि भराभर विसरे, म्हणून हेडबाईंनीच त्याचं नाव ‘धांदऱ्या’ ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने बाहेरून आलेली माहिती न तपासता तशीच वापरली, तेव्हा त्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभं करून ती ओळ मोठ्याने वाचायला लावली होती. “दारावर आलेल्याला तू कोण, कुठला, असं विचारतो ना आपण? का सरळ स्वयंपाकघरात नेऊन बसवतो?” असं त्या म्हणाल्या होत्या. सगळे हसले. धांदऱ्याही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

यंदा एका मोठ्या हॉस्पिटलने मालकांना अट घातली की तुमच्या कोडची सुरक्षेच्या दृष्टीने आपोआप तपासणी होत असेल तरच पुढे बोलू. म्हणजे असं, की कोणी कोडमध्ये काही भर घातली की एक तपासनीस प्रोग्रॅम लगेच सगळं वाचणार, कुठे चोराला शिरता येईल अशी फट राहिली आहे का ते पाहणार आणि सापडली की लाल सूचना लावणार. सूचना उघडी असेतो ते काम पुढे जाणार नाही. हा तपासनीस बसवायचं काम अर्थातच हेडबाईंकडे आलं.

पहिल्याच दिवशी त्याने चारशे बारा सूचना काढल्या. ऑफिसात हलकल्लोळ झाला.

“अरे, ही तर सासूबाई आली घरात,” धांदऱ्या म्हणाला. “मीठ कमी, मीठ जास्त, पातेलं इथे का, झाकण तिथे का!”

नाव चिकटलं. रोज सकाळी कोणीतरी विचारायचंच, “सासूबाई काय म्हणतात आज?” हेडबाई तीन आठवडे त्या चारशे बारांच्या मागे लागल्या. बऱ्याचशा क्षुल्लक होत्या. ज्या खऱ्या होत्या त्या ज्याच्या त्याच्याकडे पाठवून त्यांनी दुरुस्त करून घेतल्या, आणि प्रत्येकाला दोन शब्द सुनावले ते वेगळेच.

शेवटी एक उरली. सोमवार होता, सकाळचे सव्वाअकरा. सूचनेत लिहिलं होतं की दुव्याच्या पत्त्यातून बाहेरून आलेलं नाव न तपासता फाइल उघडली जाते. हेडबाईंनी ती ओळ पाहिली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “धांदऱ्या, हे तुझंच असणार.”

ओळ कोणी आणि कधी लिहिली ते तिथेच शेजारी दिसतं. तिथे हेडबाईंचं नाव होतं, नऊ वर्षांपूर्वीच्या तारखेसह.

“काय माझं?” धांदऱ्याने मान वर करून विचारलं.

“काही नाही. तुझं काम कर.”

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. रिपोर्टच्या दुव्यात पावतीचा नंबर असे. प्रोग्रॅम तो नंबर घेई आणि त्या नावाची फाइल दाखवी. मागणारा कोण, हे कुठेही विचारलेलं नव्हतं. दारावर आलेल्याला त्यांनी नऊ वर्षं सरळ स्वयंपाकघरात नेऊन बसवलं होतं.

दुरुस्ती दहा ओळींची होती. पण ती पुढे जायची तर दुसऱ्या कोणीतरी वाचायला हवी, आणि त्या आठवड्यात ती पाळी धांदऱ्याची होती. सूचना बंद करायला मात्र दुसऱ्याची गरज नव्हती. तो नियम करताना हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. सूचना बंद करताना सासूबाई फक्त कारण विचारी, आणि तीन ठरीव कारणांतलं एक निवडायचं असे: सूचना चुकीची आहे, हा भाग फक्त चाचणीसाठी आहे, दुरुस्त करणार नाही. हेडबाईंनी मधलं कारण निवडलं. पुढच्या महिन्यात रिपोर्टचा सगळा भाग नव्याने लिहायचाच आहे, त्यात हे गुपचूप निस्तरून टाकू, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

पडद्यावरचा सूचनांचा लाल फळा हिरवा झाला. मालकांनी सगळ्यांसाठी केक मागवला आणि पहिला तुकडा हेडबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बशीत तसाच ठेवून दिला. दात दुखतोय म्हणाल्या.

पुढचा महिना आला आणि गेला. रिपोर्टचा भाग नव्याने लिहायचं काम लांबलं. ती ओळ त्यांच्या मनात सुरुवातीला रोज येई, मग एक दिवसाआड, मग कधीतरी.

आठ आठवडे उलटल्यावर, बुधवारी दुपारी, एका लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला. मालकांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. डॉक्टर वैतागलेले होते. विम्याच्या एका ऑफिसातली माणसं सोमवारी सकाळी एकदमच तपासण्यांसाठी त्यांच्याकडे आली होती. त्यांतल्या एका बाईने नेहमीच्या तपासण्यांबरोबर गुपचूप आणखी एक करून घेतली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, दिवस गेलेत का ते पाहायचं होतं. हे काउंटरवरच्या बाईखेरीज कोणाला माहीत नव्हतं, आणि ती बाई तिची सख्खी वहिनी. आणि दुपारी तीन वाजता ऑफिसातल्यांनी तिच्या टेबलावर फुलं आणून ठेवली.

“माझ्या काउंटरवरची बाई सोळा वर्षं कामाला आहे,” डॉक्टर म्हणाले. “तिच्यावर आळ घ्यायचं माझ्या जिवावर आलंय. पण एक तर ती बोलली, नाही तर तुमच्या सॉफ्टवेअरमधून गेलं. तेवढं मला सांगा.”

मालकांनी हेडबाईंकडे पाहिलं. “मॅडम, आपल्या बाजूने?”

सहाही जण त्यांच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात शंका अजिबात नव्हती.

“तपासणीत एकही सूचना उघडी नाही,” त्या म्हणाल्या.

यातला शब्दन् शब्द खरा होता.

“झालं तर मग,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

हेडबाईंनी त्या दिवशी काहीच केलं नाही. गुरुवारी, शुक्रवारीही नाही. असेलही ती बाई बोलली, असं त्या मनाशी म्हणत राहिल्या. नणंद-भावजयीचं काय सांगावं, आनंदाच्या भरात जाते जीभ सुटून. घरी जेवताना नवऱ्याने विचारलं, “आज कोणाला फाडून खाल्लं नाहीस का? गप्प आहेस.” त्या ताटावरून उठून गेल्या.

मंगळवारी त्याच लॅबमधून फोन आला. आवाज नवा होता. काउंटरच्या कंप्यूटरचा पासवर्ड बदलून हवा होता.

“आधीच्या बाई कुठे आहेत?” हेडबाईंनी विचारलं.

“त्यांना घरी बसवलंय ना गुरुवारपासून. तुमच्याकडे नाही का कळलं? रिपोर्ट फोडतात म्हणून.” मग आवाज खाली आला. “घरीसुद्धा म्हणे कोणी बोलत नाही त्यांच्याशी.”

हेडबाईंनी पासवर्ड बदलून दिला. मग त्यांनी, जे बुधवारीच करायला हवं होतं ते केलं. कोणता रिपोर्ट कोणी, कधी उघडला याची नोंद सर्व्हरवर असते, ती काढली. शोधायला पाच मिनिटं लागली नाहीत. त्या सोमवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी विम्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी स्वतःचा रिपोर्ट पाहिला होता. सगळ्यांच्या पावत्या ओळीने फाडलेल्या. त्याच माणसाने दुव्यातला शेवटचा आकडा एकाने वाढवला होता, पुन्हा एकाने. तिसरा रिपोर्ट त्या फुलं मिळालेल्या बाईचा होता.

अजूनही दुरुस्ती दुसऱ्या कुठल्या मोठ्या कामात मिसळून देता आली असती. वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून ती निसटली असती. मग काउंटरवरच्या बाईला घरी बसवणं कायमचंच झालं असतं. त्यांनी बंद केलेली सूचना शोधली आणि ती पुन्हा उघडली. असं केलं की सातही जणांना लगेच ईमेल जातं: सूचना कोणती, ओळ कोणाची, बंद कोणी केली, काय कारण देऊन, आणि आता का उघडली. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, ‘हा भाग चाचणीसाठी नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.’

खोलीत एकापाठोपाठ एक फोन वाजले. टाइप करण्याचे आवाज थांबले. हेडबाईंना वाटलं, निदान कोणी खोकावं तरी.

धांदऱ्या उठून त्यांच्या टेबलापाशी आला.

“उभं राहून वाचायचं का, मॅडम?” तो हळूच म्हणाला.

त्या खरंच उठायला लागल्या. त्याने घाईघाईने हात आडवा केला. “अहो, बसा. गंमत केली. म्हणजे, गंमत नाही... दुरुस्ती लिहा, मी वाचतो.”

त्यांनी ती लिहिली आणि धांदऱ्याने ओळ न् ओळ वाचून एक चूक काढून दिली. मागणाऱ्याची ओळख त्यांनी पटवली होती, पण पटली नाही तर काय, हेच लिहायचं राहिलं होतं. चूक दाखवताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याचं ते न बघणं त्यांना चार शब्दांपेक्षा जास्त लागलं.

बुधवारी मालकांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी काउंटरवरच्या बाईंना परत बोलावलं, पण त्यांचा निरोप आला: माझ्या नणंदेसमोर येऊन जो कोणी जबाबदार असेल त्याने सांगावं, तोवर मी यायची नाही.

“पत्र पाठवू आपण,” मालक म्हणाले. “आणि जायचंच असेल तर एवढंच सांगा, नुकतीच एक त्रुटी सापडली, ती लगेच दुरुस्त केली. त्यात खोटं काही नाही. मॅडम, हॉस्पिटलचं बोलणं अजून संपलेलं नाही. जास्तीचं एक अक्षर नको.”

शनिवारी साडेचारला हेडबाई काउंटरवरच्या बाईंच्या घरी गेल्या. तिसरा मजला, जिन्यात रंगाचा वास. दार बाईंनीच उघडलं. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. आत खुर्चीच्या कडेला टेकून नणंद बसली होती. घरात येऊनही तिने हातातली पर्स खाली ठेवली नव्हती. बोलावलं म्हणून आली होती, एवढंच.

हेडबाईंनी सांगितलं. दुव्यातला आकडा बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट दिसत होता. तुमच्या ऑफिसातल्या कोणीतरी तो बदलला. तुमच्या वहिनींचा यात काहीही संबंध नाही. वेळेची नोंद त्यांनी छापून आणली होती, ती टेबलावर ठेवली.

नणंदेने तो कागद हातात घेतला नाही. “माझ्या नवऱ्याला माझ्या आधी माझ्या साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं,” ती म्हणाली. “मी संध्याकाळी सांगणार होते त्याला. काय शब्दांत सांगायचं तेही ठरवलं होतं.” मग ती वहिनीकडे वळली. “आणि तुला मी काय काय बोलले गं. आईदेखत.”

“जाऊ दे ते,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज जाऊ देण्यातला नव्हता.

“ही चूक तुम्हाला कधी कळली?” नणंदेने हेडबाईंना विचारलं.

मालकांचं वाक्य तयार होतं. हेडबाईंनी तोंड उघडलं आणि ते वाक्य त्यांना जिभेवर घाणेरडं लागलं.

“त्याच्या आधी आठ आठवडे. चूक माझीच होती. ऑफिसात मान खाली घालावी लागेल म्हणून मी ती झाकली.”

स्वयंपाकघराच्या दाराशी काउंटरवरच्या बाई थांबल्या. हातात पाण्याचा पेला होता, हेडबाईंसाठी आणलेला.

“म्हणजे डॉक्टरांनी फोन करून विचारलं तेव्हा?”

“तेव्हाही माहीत होतं.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

हेडबाईंनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. एकही सूचना उघडी नाही. या खोलीत ते केवढं नीट रचलेलं वाटलं!

बाईंनी पेला मधल्या टेबलावर ठेवला, हेडबाईंच्या हातात दिला नाही. “सहा दिवस,” त्या म्हणाल्या. “सहा दिवस मी आठवत होते, चुकून कोणापाशी बोलले का मी. बसमध्ये, भाजी घेताना. शेवटी मला वाटायला लागलं, बोललेच असेन.”

हेडबाईंनी माफी मागायची ठरवून आणली होती. ती मागणंसुद्धा आता काहीतरी मागणंच होईल, असं त्यांना वाटलं. ती त्यांनी मागितली नाही. नणंद उठली, पर्स खुर्चीवर टाकून वहिनीपाशी गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. बाईंचा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला.

“तुम्ही निघा आता,” बाई तिच्या डोक्यावरून म्हणाल्या.

हेडबाई बाहेर येऊन चपला घालत होत्या, तेवढ्यात दार पुन्हा उघडलं.

“सोमवारपासून मी काउंटरवर आहे,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. “रिपोर्टच्या कामाचा फोन केलात तर घेईन. इकडतिकडचं काही बोलू नका.”

“बरं,” हेडबाई म्हणाल्या, आणि दार लागल्यावर कठड्याला धरून जिना उतरू लागल्या.