उमरोळीच्या सर्कशीतलं बंद दार

बन्सीभाऊ शिरसाठ कुठल्याही नव्या जागेत शिरले की आधी तिथून बाहेर कसं पडायचं ते बघून ठेवायचे. मग तो लग्नाचा हॉल असो, बँक असो की साड्यांचं दुकान. त्यांची बायको वर्षाराणी पदर उलगडून पोत बघत असायची आणि हे दुकानदाराला विचारत असायचे, "मागे जिना आहे ना? मग त्याच्यावर हे गठ्ठे कशाला रचलेत?" दुकानदार हसायचा. वर्षाराणीला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

मूळचे ते चोपड्याकडचे. आयटीआय झालं आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून चिकटले, त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. बोईसरातच संसार झाला, मुलगी वाढली, चार खोल्यांचं घर झालं. गेली तेरा वर्षं ते एका केमिकल कंपनीत सेफ्टी सुपरवायझर होते. कुणाला वेल्डिंग करायचं असो की टाकीत उतरायचं असो, आधी यांच्या सहीचं परमिट लागायचं. म्हणून कामगारांत त्यांचं नाव पडलं होतं परमिटसाहेब. ते समोरून आले की पोरं एकमेकांना म्हणायची, "चलो, आ गया परमिट." तेही त्यांना ऐकू येत असे.

ते पहिल्यापासून असे नव्हते. फिटर असताना एका गोदामाच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप घातलेलं त्यांनी पाहिलं होतं. पितळी व्हॉल्व्ह चोरीला जायचे म्हणून घातलं होतं. बन्सीभाऊंनी ते शिफ्टच्या रजिस्टरात नीट अक्षरात लिहिलं आणि घरी गेले. तिसऱ्या दिवशी आत ड्रम पेटला. कुलूप तोडायला सहा मिनिटं लागली. माणसं वाचली, पण त्यांतल्या एका कंत्राटी कामगाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशीत बन्सीभाऊंची नोंद सापडली, साहेबांनी पाठ थोपटली. त्यांना मात्र ती थाप अजून टोचते. लिहिलं होतं, पण आवाज केला नव्हता. तेव्हापासून ते आवाज करतात आणि लोक हसतात.

तर या माणसाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून मुलीने, प्रियदर्शिनीने, पुण्याहून फोनवरच दोन तिकिटं काढली. उमरोळीच्या पुढे रस्त्याला लागून पत्र्याचा एक मोठा शेड आहे, पूर्वी तिथे पॅकिंगची खोकी बनायची. तिथे दर शनिवारी संध्याकाळी 'खुळी पंगत' नावाचा खेळ सुरू झाला होता. सर्कस बघता बघता जेवायचं. किंवा जेवता जेवता सर्कस.

"पप्पा, एक दिवस नुसतं बसा," प्रियदर्शिनीने बजावलं. "काही तपासू नका. मम्मीसाठी."

"बसतो," बन्सीभाऊ म्हणाले, आणि त्या वेळी ते खरंच बोलत होते.

सात वाजता रिक्षाने पोचले. दारातच बांबूच्या उंच पायांवर चालणाऱ्या एका माणसाने वाकून दोघांच्या नाकांवर लाल चेंडू बसवले. वर्षाराणीने हौसेने बसवून घेतला. बन्सीभाऊंनी काढून खिशात टाकला, तर त्या लंबूने पुन्हा वाकून दुसरा बसवला. तोही काढला, तर तिसरा. मागे रांग तटली. शेवटी ते नाकासकट आत गेले.

आत छताखाली रंगीत कापडाच्या झालरी सोडलेल्या, मध्ये गोल रिंगण, भोवती टेबलं. त्यांच्या टेबलावर आधीच एक जोडपं बसलं होतं, सातपाटीचे दामू तांडेल आणि त्यांची बायको नलू. दामूंची स्वतःची बोट. त्यांनाही त्यांच्या लेकानेच पाठवलं होतं.

"तुमाला पन पोरांनीच धाडलं का?" नलूने विचारलं. "आमाला म्हनला, मज्जा येल. आता मगापासून बसलोय, कोन पानी सुदा इचारीत नाय."

पाणी आलं, पण ते घेऊन आलेला माणूस एका चाकाच्या सायकलवर होता. पांढरं तोंड, हिरवी टोपी, गळ्यात शिट्टी. तो बोलायचा नाही, फक्त शिट्टी वाजवायचा. बन्सीभाऊंनी विचारलं, "जेवायला काय आहे?" तो म्हणाला, "फुर्रर्र." त्यांनी विचारलं, "तिखट कमी मिळेल का? हिला अ‍ॅसिडिटी आहे." तो म्हणाला, "फुर्र फुर्र," आणि लोक खदखदून हसले.

या पंगतीत सगळं उलटं होतं. आधी पान आलं, मग जिलेबी, मग भात. वरण वरून आलं, म्हणजे लंबूने आपल्या उंचीवरून किटलीची धार सोडली आणि अर्धी वाटीत, अर्धी टेबलक्लॉथवर पडली. पोळ्या एकजण लांबून फेकत होता. मासळीचं ताट आलं तेव्हा निवेदक ओरडला, "आणि आता, समुद्राचा राजा, सरंगा!" नलूने एक तुकडा मोडला, हुंगला आणि परत ठेवला.

"ह्यो सरंगा नाय," ती दामूंना म्हणाली. "बर्फातला सस्ता बासा हाय. आमच्याच तोंडावर सरंगा म्हनतात!"

"गप खा," दामू म्हणाले.

"खाऊ कसा? पान खाऊन तोंड लाल झालंय!"

बन्सीभाऊंना तिचं सगळं पटत होतं. पण मुलीला शब्द दिला होता, म्हणून ते भात चिवडत गप्प बसले. वर्षाराणीचं कुणाकडे लक्षच नव्हतं. वर दोरावर एक मुलगी उलटी लटकून गिरक्या घेत होती आणि वर्षाराणी लहान मुलीसारखी तोंड उघडं टाकून बघत होती. बन्सीभाऊंची नजर त्या मुलीवरून दोराच्या गाठीवर गेली. दामूंनी ती नजर हेरली.

"दोराची कालजी नको," ते हळूच म्हणाले. "चांगला बांदलाय. पोरीने सोताच बांदला असंल."

बन्सीभाऊंना इतकं बरं वाटलं की ते मागे टेकून बसले, आणि टेकल्यामुळेच त्यांना ते दिसलं. समोरच्या भिंतीत मागचं दार होतं. वर 'बाहेर' अशी पाटी होती, पण दारासमोर सोड्याच्या बाटल्यांचे क्रेट माणसाच्या उंचीपर्यंत रचलेले आणि त्यावर मोडक्या खुर्च्या. आत यायचं मोठं दार तेवढं एकच. दीडशे माणसं.

तेवढ्यात निवेदक ओरडला, "दहा मिनिटांनी... आगीचे गोळे!"

बन्सीभाऊंनी वर बघितलं. झालरी. कापडाच्या, वाळलेल्या, छतभर.

वर्षाराणीने टेबलाखालून त्यांचं मनगट पकडलं. "अहो. नाही. आज नाही."

"मी फक्त विचारतो."

"तुम्ही कधी फक्त विचारता?"

त्यांनी शिट्टीवाल्याला बोलावलं. "हे बघ भाऊ, ते मागचं दार मोकळं करा. आगीचा खेळ आहे ना?" तो थबकला, क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिला. मग आजूबाजूचे लोक बघताहेत हे लक्षात येऊन म्हणाला, "फुर्र."

"मॅनेजरला बोलाव."

मॅनेजर आला. कोट, टाय, हातात फाइल. बन्सीभाऊंनी त्याला दाराचं, झालरींचं, दीडशे माणसांचं सगळं शांतपणे समजावलं. मॅनेजरने गंभीरपणे मान डोलावली, फाइल उघडली, आतून एक कबुतर काढून उडवलं आणि स्वतःच्या डोक्यावर थाळी आपटून घेतली. तोही खेळातलाच होता.

बन्सीभाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते उठून उभे राहिले. "अरे, इथे खरा माणूस आहे का कुणी? खरा! बोलणारा!"

वरचा दिवा फिरला आणि त्यांच्यावर येऊन थांबला. लाल नाक, ताठ बोट, कपाळावर घाम. सगळा शेड हसला. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

"हसू नका!" ते ओरडले. "ते दार बंद आहे! आग लागली तर कुठून जाणार?"

टाळ्या वाढल्या. मागच्या टेबलावरची बाई नवऱ्याला म्हणाली, "काय अ‍ॅक्टिंग करतात! हेच बेस्ट आहेत." बन्सीभाऊंनी नाकावरचा चेंडू उपटून फेकला. त्यालाही हशा मिळाला. पालथ्या घड्यावर तरी किती पाणी ओतायचं! त्यांनी बाह्या सारल्या, सरळ रिंगण ओलांडलं आणि पहिला क्रेट उचलला.

दिवा त्यांच्या मागोमाग आला. ढोलवाल्याने क्रेटगणिक एक ठोका द्यायला सुरुवात केली. बन्सीभाऊ वळून ओरडले, "ढोल बंद!" तर त्याने वरून झांजाही वाजवल्या. चौथ्या क्रेटला कंबर धरली, तेव्हा शेजारून दोन जाड, खारावलेले हात पुढे आले.

"तुमी खाली उतरवा, मी पुडे देतो," दामू म्हणाले. नलू त्यांच्या मागे उभी राहिली, तिच्यामागे शिट्टीवाला, मग प्रेक्षकांतली चारदोन पोरं. बघता बघता रांग झाली. लोक मोठमोठ्याने आकडे मोजू लागले. त्यांना वाटत होतं आपण खेळात भाग घेतोय, आणि क्रेट हातोहात भिंतीकडे जात होते. बन्सीभाऊंना ते पटत नव्हतं. पण दार रिकामं होत होतं.

शेवटची खुर्ची हलली आणि दिसलं ते कुलूप. आतून कडी, कडीला कुलूप, कुलपावर गंज.

बन्सीभाऊ तसेच उभे राहिले. मागे लोक शिट्ट्या मारत होते. त्यांना कुणाचा आवाज ऐकू येईना. हात थरथरायला लागले.

"काका," कुणीतरी कानाशी म्हणालं. शिट्टीवाला होता. त्याला आवाज होता, आणि तो अगदी साधा, मासवणकडच्या पोराचा आवाज होता. "मी सुजित. पयल्या शनिवारपासून मी पन मालकाला हेच सांगतोय. ऐकत नाय. म्हनतो, तू जोकर हायेस, जोकरासारखा राहा."

बन्सीभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. पांढऱ्या रंगाखाली पोरगं घामाने निथळत होतं.

"चावी कुठाय?"

"तिकिटवाल्या हेमालीकडे जुडगा असतो. पन मालक पालघरला गेलाय, ती इचारल्याबिगर देनार नाय."

"मग आता तू बोल," बन्सीभाऊ म्हणाले. "माझ्यावर हसताहेत. तू मोठ्याने बोल."

सुजितने गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली आणि रिंगणाच्या मधोमध गेला. "मंडळी," तो म्हणाला, "ते काका आमचे कलाकार नायत. ते खरं बोलतात. दार उघडल्याबिगर आगीचा खेळ व्हनार नाय." संध्याकाळभर ज्याच्या तोंडून शब्द आला नव्हता तो बोलतोय म्हटल्यावर शेड एकदम चिडीचूप झाला. हशा थांबला. मग कोपऱ्यातून वर्षाराणीचा आवाज आला, तिच्या माहेरच्या शेतावरचा, बांधावरून हाक मारल्यासारखा:

"व माय, बघत काय बसलात? चावी आणा!"

मग सगळेच "चावी, चावी" म्हणायला लागले. हेमाली जुडगा घेऊन धावत आली. अकराव्या चावीला कुलूप फिरलं. दामूंनी खांदा लावला, दार करकरत उघडलं. बाहेर खाजणाची दलदल होती आणि काळोख. वारा आत आला आणि वाऱ्याबरोबर डासांचे थवेच्या थवे. पाचव्या मिनिटाला लोक पाय आपटत कुरकुरायला लागले, "अहो, ते दार लावा ना कुणीतरी!"

"कुणी हात लावून बघा," बन्सीभाऊ म्हणाले, आणि खुर्ची ओढून दारातच बसले. रिंगणावरच्या झालरी सुजितने लांब काठीने ओढून काढल्या. गोळेवालाही निमूटपणे चार पावलं मागे सरकला. वर्षाराणी आपलं ताट घेऊन नवऱ्याशेजारी येऊन बसली. पदराने त्यांच्या मानेवरचे डास हाकलत ती खेळ बघत राहिली. ते खेळाकडे पाठ करून छताकडे बघत होते.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "तुमचा हात कापत होता. त्या गोदामाच्या वेळी कापत होता तसा."

"हो."

"सांगायचं ना मला. मी आधीच उठले असते."

बुधवारी शेडच्या मालकाचा, दिपेशचा, फोन आला. बन्सीभाऊंना वाटलं, माफी मागणार.

"काका, पब्लिक नुसतं तुमचंच विचारतंय," दिपेश म्हणाला. "दर शनिवारी याल का? तोच आयटम. तुम्ही चिडायचं, क्रेट हलवायचे. मी परत होते तसेच लावून ठेवलेत."

"काय लावून ठेवलंय?"

"क्रेट. दाराला. कुलूप पण नवीन आणलंय, ते जुनं फोटोत चांगलं दिसत नव्हतं."

बन्सीभाऊ त्यानंतर जे बोलले ते शेजारच्या तिन्ही घरांत गेलं. फोन ठेवून त्यांनी अग्निशमन दलाला अर्ज लिहायला घेतला. लिहिता लिहिता मध्येच थांबले, कागद तसाच ठेवला आणि दामूंना फोन लावला.

शनिवारी चार वाजता, खेळाच्या तीन तास आधी, दोघंही शेडवर हजर झाले. हेमालीने लगेच चावी काढून दिली. क्रेट या वेळी शेडच्या मागे उघड्यावर गेले. नवं कुलूप बन्सीभाऊंनी पिशवीत टाकलं, आणि दामूंनी दाराची कडीच हातोडीने उखडून काढली. दिपेश धावत आला. "अहो, मग मी आज लोकांना दाखवू काय?"

"ज्या मुलीने स्वतःचा दोर स्वतः बांधलाय, तिला दाखव," बन्सीभाऊ म्हणाले. "आणि अर्ज सोमवारी देतोय. तो काही मागे घेत नाही."

बाहेर पडताना फाटकात एक तरुण मोटारसायकल वळवत आत आला. बन्सीभाऊंना बघून त्याने हात हलवला आणि तोंडभर हसला. बन्सीभाऊंनी त्याला ओळखलं नाही. त्यांनी हात आडवा धरून गाडीच थांबवली.

"हेल्मेट कुठाय तुझं?"

"काका, मी सुजित."

"असशील," बन्सीभाऊ म्हणाले. "हेल्मेट कुठाय?"