ज्ञानूची पहिली हजेरी

याद्यांचं काम मार्गी लागेपर्यंत मोनाली घास खाणार नाही, हे तिच्या आईने, उज्वलाने सकाळीच ओळखलं होतं. एका मोठ्या परीक्षेच्या निकालाच्या याद्या अकराला वेबसाइटवर लागल्या. तिच्या महापेच्या कंपनीने ती वेबसाइट आज पहिल्यांदाच मोनालीच्या एकटीच्या हातात दिली होती, आणि ती तुर्भ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती.

काम तिनेच आईला समजावलं होतं. चार सर्व्हर एकदा मागितलेली यादी स्वतःजवळ ठेवतात आणि पुढच्याला तिथूनच देतात, म्हणजे मागच्या मुख्य सर्व्हरला धाप लागत नाही. कुणाकडे किती माणसं पाठवायची, ते मोनालीने ठरवायचं.

चौथा सर्व्हर सकाळपासून दुरुस्तीला होता. साडेबाराला तो सुरू झाला, तसा तिने लगेच त्याला माणसांचा चौथा हिस्सा दिला. तिचे वडील शहाजी भाजी मार्केटात माथाडी. टोळीत सगळ्यांना ओझं सारखं, हे ऐकतच ती वाढली होती.

पाच मिनिटांत वेबसाइट अडकली. साहेबांचा फोन आला. मोनालीचे कान लाल झाले.

"काय झालं गं?" उज्वलाने थालीपीठाची ताटली पुढे सरकवली.

"चौथा सर्व्हर अजून रिकामा आहे, आई. प्रत्येक यादीसाठी मागे मुख्य सर्व्हरकडे पळतोय. पण मी तर सगळ्यांना सारखंच दिलं!"

कामावरून येऊन कॉटवर पडलेले शहाजी कुशीवर वळले. "सारखं? आमच्या टोळीतला ज्ञानू काविळीतनं उठून परत आला, तवा पैल्या दिवशी पोतं दिलं व्हय आमी त्याला? आठवडाभर सुतळी वळत बसवला. हजेरी पुरी, ओझं न्हाई."

मोनाली लॅपटॉपकडे वळली. मग तिची बोटं चालू लागली. चौथ्याकडे विसातला एकच माणूस, बाकी जुन्या तिघांकडे.

उज्वला खुर्चीची पाठ धरून उभीच होती. पडद्यावरची, मुख्य सर्व्हरचा ताण दाखवणारी लाल रेघ उतरत आली. साहेबांचा पुन्हा फोन आला. या वेळी मोनाली नुसतं "हो सर, उघडतंय" म्हणाली आणि हसली.

"आता दे की त्याला भरलं पोतं," शहाजी म्हणाले.

"छे! आधी याद्या जमू देत त्याच्याकडे, पप्पा. तोवर सुतळीच."

तिने गार झालेल्या थालीपीठाचा तुकडा मोडला. तेव्हा कुठे उज्वलाने खुर्ची सोडली आणि दुसरं गरम लावायला ती आत गेली.